हाफटाइमचा नाच

काकूंनी वाट्या मोजल्या. माझ्या डोळ्यांसमोर.

मी अजून पाटावरच होतो. बोटांना आमरस लागलेला. आम्ही चार खेळाडू पंगतीला बसलो होतो, प्रत्येकापुढे काशाच्या दोन वाट्या, एक वरणाची, एक रसाची. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि मोलकरणीला म्हणाल्या, "आठ हाये ना वो? नीट मोज." तिनं बोट लावून मोजल्या. आठ भरल्या. तरी काकूंचं समाधान झालं नाही. भिंतीला टेकवलेली माझी पिशवी त्यांनी पायाच्या अंगठ्यानं पुढे सरकवली.

"ह्याच्या झोळ्यात पाह्य."

मोलकरणीनं पिशवी उलटी केली. कॅनव्हासचे बूट पडले. घामानं ओला बनियान पडला. आणि तळाशी लपवून ठेवलेली एक लहान थैली पडली, लाल कापडाची, आरसे आणि कवड्या लावलेली. त्यातल्या तीन कवड्या तिरप्या होत्या. त्या माझ्या धाकट्या बहिणीनं, जमनीनं, हट्टानं स्वतः शिवलेल्या. काकूंनी थैलीकडे बोट केलं, हात लावला नाही.

"पाहा. लभानाचीच हाये. अन् दोन दिवस माह्या पंगतीत जेवून राह्यला."

ह्याच काकूंनी आदल्या दिवशी मला रसाची तिसरी वाटी वाढली होती. "घे रे राजा, तू खेळणारा पोट्टा," म्हणाल्या होत्या. मी तोच होतो, घर तेच होतं, पाटही तोच. मधल्या वेळात एवढंच घडलं होतं की त्या सकाळी मला माझी आई भेटली होती.

माझ्याबरोबरचे तिघं ताटात बघत राहिले. एक जण बोटं चाटत होता. मी बूट गोळा केले, थैली गोळा केली, हात धुतला आणि म्हणालो, "येतो काकू."

येतो काकू! आयुष्यात मला पुष्कळ गोष्टींचा राग आला, पण त्या दोन शब्दांचा येतो तेवढा कशाचाच नाही. पिशवी झडती घेतल्यासारखी उलटी केली, आणि मी निघताना निरोप घेतला. शाळेनं चांगलं वळण लावलं होतं मला.

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती. मी पांढरकवड्याच्या हायस्कुलात शिकत होतो, पुढच्या साली मॅट्रिक. दर उन्हाळ्यात यवतमाळला हायस्कुलाच्या पोरांची मोठी बास्केटबॉलची स्पर्धा भरायची. वणी, पुसद, दारव्हा, अमरावती, थेट नागपूरचे संघ यायचे. निजायला शाळेचे वर्ग, आणि जेवणाची घरं लावून दिलेली. गावातल्या प्रतिष्ठितांनी चार-चार पोरं वाटून घेतली होती. आम्ही चौघं गेलो भाऊसाहेबांच्या घरी. भाऊसाहेब म्हणजे स्पर्धेचे अध्यक्ष आणि कापसाच्या जिनिंगचे मालक. काकू म्हणजे त्यांची बायको.

मी तांड्यातला. आम्हाला कोणी लभाण म्हणतं, कोणी बंजारा, आम्ही स्वतःला गोर म्हणतो. आजोबांच्या आजोबांनी बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूख पालथा घातला. मग रेल्वे आली, बैल बसले आणि इंग्रजानं आमचं नाव चोरांच्या वहीत घातलं. इंग्रज गेला, वही फाडली म्हणतात. लोकांच्या डोक्यातली वही कोण फाडणार?

माझं आडनाव मराठ्यांतही असतं. आमचे ड्रिल मास्तर ह्यावरच खूश होते. यवतमाळच्या बसमध्ये माझ्या कानाशी लागून ते म्हणाले, "कोनी इचारलं त पाटलाचा हाओ म्हन. एवढंच. अन् थैली-बियली बाहेर काढू नोको." मी मान डोलावली. मास्तर माणूस वाईट नव्हता. माझ्याकडे बूट नव्हते तर त्यांनी स्वतःचे दिले, पुढच्या टोकात चिंध्या कोंबून मी ते घालायचो. चांगल्या माणसावर रागावणं जड जातं. पण मला येतो त्यांचा राग. वाईट माणसं मला हाकलत तरी होती. मास्तरांनी मला लपायला शिकवलं, आणि तेही मायेनं.

खेळात मात्र मी कोणाला भीत नव्हतो. त्याचं कारण शाळेत नव्हतं, रस्त्याच्या कामावर होतं. मुरूम टाकताना माणसं ओळीनं उभी राहतात आणि भरलेलं घमेलं हातोहात पुढे जातं. या हातानं घ्यायचं, त्याच झोकात पुढच्याला द्यायचं. घमेलं हातात थांबलं की मुकादम आई-बहीण काढतो. आठव्या वर्षापासून मी त्या ओळीत उभा होतो. त्यामुळे चेंडू माझ्या हातात थांबतच नसे. दुसऱ्या शाळांची पोरं चेंडू छातीशी धरून विचार करायची. तेवढ्यात माझा चेंडू कडीखाली उभ्या गड्याकडे पोचलेला असायचा. लोक म्हणायचे, काय हात आहे पोराचा! मास्तर म्हणायचे, माझी तालीम. मुरमाचं नाव कोणी घेत नव्हतं. मीही नाही.

त्या तालमीपायी मी होळीला घरी गेलो नव्हतो. आमच्यात म्हणतात, मेलेला तेवढा सोडून सगळे होळीला तांड्यात येतात. मी जिवंत असून गेलो नाही. होळी झाली की तांडा कामाला बाहेर पडतो. ह्या साली माझी माणसं कुठे गेलीत, मला पत्ता नव्हता. खरं सांगायचं तर मी शोधलाही नव्हता.

यवतमाळच्या मैदानावर पहिल्याच दिवशी मला फेटिया-कांचळ्या दिसल्या. मुरमाचं मैदान. रोज सकाळ-संध्याकाळ सामन्याआधी बाया हंड्यांनी पाणी मारायच्या, मग रोलर फिरायचा, मग फक्कीच्या पांढऱ्या रेघा. कांचळी म्हणजे चोळी आणि फेटिया म्हणजे आमच्या बायांचा घेरदार घागरा. तो शंभर पावलांवरून ओळखू येतो. मी ओळखला आणि मान फिरवली. कोण आहे, आपल्या तांड्याच्या का दुसऱ्या, हेसुद्धा बघितलं नाही. दोन दिवस मी त्यांनी भिजवलेल्या जमिनीवर खेळलो आणि एकदाही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी उपांत्य सामना झाला. आम्ही जिंकलो. पोरांनी मला उचललं. खाली उतरवलं तेवढ्यात मैदानाच्या कडेला हंडा आपटल्याचा आवाज झाला आणि एक बाई धावत आली. ओढणी वाऱ्यावर, हातातल्या बलोया, आमच्या बांगड्या, खणखणत. तिनं माझ्या गळ्यात हात टाकले आणि मान वर करून सूर लावला.

"मारो बेटा रं… हियाऽऽ…"

याडी. माझी आई.

आमच्या बाया बऱ्याच दिवसांनी आपल्या माणसाला भेटल्या की अशाच गळ्यात पडून सुरावर रडतात. त्याला चाल असते, शब्द असतात. तुझ्या मागे काय काय झालं, कोण जन्मलं, कोण गेलं, कशी वाट पाहिली, सगळं त्या रडण्यात सांगतात. काही बातम्या तर आमच्यात साध्या बोलण्यात सांगतच नाहीत. त्या भेटीच्या रडण्यातच सांगायच्या असतात. समोरच्यानं गळामिठीत उभं राहून ऐकून घ्यायचं, पाठीवर हात फिरवत. तो त्याचा धर्म.

मला हे सगळं ठाऊक होतं. आणि माझ्याभोवती आठ-दहा शाळांची पोरं उभी होती. कोणीतरी म्हणालं, "अरे, मेलं का कोनी?" दुसरा फिदीफिदी हसला. नागपूरच्या संघातलं एक गोरं पोरगं तिच्या सुराची नक्कल करायला लागलं, "हियाऽऽ हियाऽऽ!" भाऊसाहेब मांडवातून बघत होते. मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मी तिचे हात धरले. माझ्या मानेवरून सोडवले. आणि म्हणालो, "बाई, सोडा."

मराठीत. जन्मात पहिल्यांदा मी माझ्या आईशी मराठीत बोललो. बाई म्हणालो. अहो-जाहो केलं.

तिचा सूर अर्ध्यात तुटला. तोंड उघडंच राहिलं. ती मागे सरली, माझ्याकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं, पुन्हा तोंडाकडे पाहिलं. मग वाकून चेपलेला हंडा उचलला आणि गेली.

एवढं करून मी काय वाचवलं? काहीच नाही. सगळ्यांना कळायचं ते कळलं होतं. बारा वाजेपर्यंत ते भाऊसाहेबांच्या स्वयंपाकघरात पोचलं आणि काकूंनी वाट्या मोजायला घेतल्या. आई गेली आणि पाटही गेला. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि हाती धुपाटणंसुद्धा आलं नाही.

जेवणघरातून बाहेर पडत होतो तर ओसरीवर झोपाळ्यावर भाऊसाहेब. समोर मास्तर उभे, नुकतेच मैदानाकडून आलेले. भाऊसाहेब काकूंसारखे रागावलेले नव्हते. उलट मजेत होते.

"अरे, लभानाचा हायेस? मंग आंधी काहून नाही सांगितलं? लपवाचं काय त्यात?"

मी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"संध्याकाळी फायनलले नागपूरचे साहेब येऊन राह्यले. त्यायले लोककलेचा मोठा शौक हाय. हाफटाइमले पाच-दहा मिनिटं तुमच्या बायांचा नाच ठेवू. आरशे-बिरशे लावलेले घागरे, झकास दिसते. तुही मायच हाय त थे. सांग तिले."

मी जमिनीकडे पाहत होतो. भाऊसाहेब झोपाळ्याला पायानं झोका देत म्हणाले, "पुढच्या साली मॅट्रिक ना? कॉलेजले इथंच ये. वसतिगृह आपलंच हाय. तुह्यं पाहून घेऊ."

मला कॉलेजात जायचं होतं. हे लपवण्यात अर्थ नाही. आमच्या तांड्यातून मॅट्रिकला बसणारा मीच पहिला होतो, कॉलेज म्हणजे तर आभाळ. ते आभाळ एका झोपाळ्यावर बसून एक माणूस मला देत होता आणि बदल्यात फक्त दहा मिनिटं मागत होता. फाटकाबाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, "जा बाबू. पाच मिनिटाचं काम हाय. तुह्यं आयुष्य बनते."

आणि मी गेलो. होय, गेलो. सकाळी जिला बाई म्हणालो, दुपारी तिला नाचायला सांगायला गेलो. हे मी कुणा दुसऱ्याबद्दल ऐकलं असतं तर त्याच्या तोंडावर थुंकलो असतो.

शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे निंबाच्या सावलीत बाया भाकर खात बसल्या होत्या. तांड्यातल्याच होत्या सगळ्या. सगळ्यांनी मला नागडा खेळताना पाहिलेलं. मी जवळ गेलो. याडीनं भाकर खाली ठेवली आणि ओढणी ओढून तोंड झाकलं. आमच्या बाया परक्या पुरुषासमोर तोंड झाकतात. कामावरच्या साहेबांसमोर झाकतात.

"याडी," मी आमच्या बोलीत म्हणालो, "रागावलीस?"

ओढणीआडून ती मराठीत बोलली. "बोला साहेब. काय काम हाय?"

"याडी, असं काय करतेस?"

"काही सांगाचं होतं. तुमी म्हनलं सोडा. सोडलं."

मला वाटलं, होळीला आलो नाही म्हणून बोल लावायचा असेल. तो नंतर ऐकू. मी घाईघाईनं नाचाचं सांगून टाकलं. बाया घास हातात धरून माझ्याकडे पाहायला लागल्या. एक म्हातारी उठली, माझ्या पायाशी थुंकली आणि जाऊन लांब बसली. मला त्याचाही अर्थ कळला नाही.

याडीनं उरलेली भाकर फडक्यात बांधली. मग म्हणाली, "ठेकेदार बोलला मघाशी. पाच बाया उभ्या नाही राह्यल्या त उद्या कामावर येऊ नोका म्हने. तुमचे मास्तरबी येऊन गेले. पोराचं भलं होते म्हने."

"हो याडी."

"होते का भलं?"

मी हो म्हणालो.

"मंग नाचीन, साहेब."

मी निघालो. जाताना एक विचार डोक्यात येऊन गेला, जमनी कुठे दिसत नाही. नेहमी आईच्या घागऱ्याला धरून असते. असेल बापाबरोबर, तो नेरच्या रस्त्यावर खडी फोडत होता असं बायांच्या बोलण्यात आलं होतं. आणि मी बुटांना खडू लावायला गेलो.

संध्याकाळी मैदान फुललं होतं. झाडांवर पोरं, भिंतीवर पोरं. मांडवात खुर्च्या, पहिल्या ओळीत गाद्यांच्या. मधल्या खुर्चीवर नागपूरचे साहेब, शेजारी भाऊसाहेब, मागे काकू आणि बाकीच्या घरच्या बाया. टेबलावर चांदीची ढाल. लाउडस्पीकर लावलेला, मैदानाच्या कडेला उभा माइक.

पहिल्या अर्ध्यात मी पिसाळल्यासारखा खेळलो. समोर नागपूरचाच संघ होता, सकाळी हियाऽऽ करणारं ते गोरं पोरगं माझ्यावरच राखणीला. त्याच्या अंगावरून मी चेंडू काढत होतो. शिट्टी झाली तेव्हा आम्ही पुढे होतो. मास्तरांनी माझी पाठ थोपटली.

आणि पाच बाया मैदानात आल्या.

माइकवरचा माणूस मोठ्यानं म्हणाला, "आता आपल्या आजच्या हिरोच्या आई स्वतः नाचून दाखवणार आहेत! जोरदार टाळ्या!" लोक हसले. शिट्ट्या झाल्या. शाळेच्या बँडातल्या पोरानं ढोल वाजवायला घेतला, कवायतीचा ठेका, डावा-उजवा डावा-उजवा. आमच्या नाचाशी त्याचा काही संबंध नव्हता. बाया कडेला, माइकजवळच, एकमेकींकडे पाहत उभ्या. याडीचं तोंड झाकलेलं. तिनं एक पाऊल टाकलं, हात उचलला. तो हात वरच राहिला. दुसरं पाऊल पडेना. शेजारची बाई, माझी चुलतीच ती, तोंडात ओढणी कोंबून रडायला लागली.

तेव्हा मला उमगलं. काहीतरी आहे. आमच्यात घरचं कोणी गेलं की पुढची होळी होईस्तोवर त्या घरची बाई नाचत नाही. म्हातारी थुंकली ती म्हणून. काही सांगाचं होतं ते हे होतं.

मी पाण्याचा पेला फेकला आणि मैदानात गेलो. मास्तर ओरडले, "अरे, कुठी चालला?" मी याडीसमोर उभा राहिलो, तिच्या तोंडावरची ओढणी वर केली, गळ्यात हात टाकले. पुरुष असं करत नाहीत. मला चाल येत नव्हती, शब्द येत नव्हते. मी आमच्या बोलीत एवढंच म्हणालो, "याडी, सांग."

तिचं अंग आधी लाकडासारखं होतं. मग तिचे हात माझ्या मानेमागे आले आणि सकाळी जिथे तुटला होता तिथून तिनं सूर उचलला.

"जमनी चलीगी रं… मारो बेटा… हियाऽऽ…"

जमनी गेली. चैत्रात, खडीच्या कामावर, तीन दिवसांच्या तापानं. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, भाऊ होळीला का आला नाही. रस्त्याच्या कडेला पुरली. त्यावरून आता रोलर फिरला असेल, डांबर पडलं असेल, तुला जागा दाखवता येणार नाही. हे सगळं याडी चालीवर सांगत होती. माइक हाताच्या अंतरावर होता आणि माझ्या बहिणीचं मरण लाउडस्पीकरवरून अख्ख्या मैदानावर जात होतं.

आणि लोक टाळ्या वाजवत होते.

त्यांना ते गाणं वाटलं. ढोलवाल्या पोरानं चाल पकडायला सुरुवात केली. मांडवातून टाळ्यांचा ठेका आला. मी मान वळवून पाहिलं. नागपूरचे साहेब मान डोलवत होते. भाऊसाहेब त्यांच्या कानाशी वाकून काही सांगत होते, बहुधा आमच्या संस्कृतीविषयी. आणि काकू टाळ्या वाजवत होत्या. ज्या हातांना माझ्या थैलीचा विटाळ झाला असता त्या हातांनी जमनीच्या मरणाला ताल धरला होता.

माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. भीती होती ती फुटली असेल. मी एका हातानं याडीला धरलं आणि दुसऱ्या हातानं माइक ओढला.

"टाळ्या बंद करा," मी म्हणालो. "हे गानं नाही. माही बहीन मेली, ते माही माय मले सांगून राह्यली. मी लभान हाओ. हे माही माय हाय. सकाळी मी हिले ओळख दिली नाही. आता देऊन राह्यलो. टाळ्या बंद करा."

बंद झाल्या. कुठेतरी एक-दोन उशिरा वाजल्या, मग त्याही. ढोल थांबला. याडी थांबली नाही. तिचं सांगून संपलं नव्हतं. आता चारही बाया तिच्या गळ्यात पडून रडायला लागल्या आणि मैदानावर दुसरा आवाज उरला नाही. कोणीतरी धावत जाऊन लाउडस्पीकरची तार उपटली.

भाऊसाहेब मांडवातून खाली आले. दात आवळून बोलले, कारण पाहुणे बघत होते.

"हे रडनं इथं कायले? घरी नव्हतं सांगता येत? शुभकार्यात अपशकुन!"

मी म्हणालो, "नाच इथं कायले? घरी काकूयले सांगा नाचाले."

त्यांचा हात उठला. मास्तर मध्ये पडले. मला दंडाला धरून बाजूला ओढलं आणि रडवेल्या आवाजात म्हणाले, "माफी माग बाबू. दोन शब्द. दुसरा हाफ खेळ, ढाल आपली हाय. तुह्यं कॉलेज हाय." पाहुण्यांनी घड्याळात पाहिलं. पंचांनी शिट्टी वाजवली. नागपूरचा संघ रेघेवर येऊन उभा राहिला.

मी खाली बसलो. बुटांच्या नाड्या सोडल्या, चिंध्या काढल्या आणि बूट मास्तरांच्या हातात दिले. शाळेचा बनियान काढून दिला. मास्तर रडत होते. मला त्यांची दया आली नाही. याडीचा हात धरून, उघड्या अंगानं, अनवाणी, त्या फक्कीच्या रेघेवरून मी बाहेर पडलो. रेघ पायानं पुसली गेली, मुद्दाम पुसली. मागे शिट्टी झाली, खेळ सुरू झाला. आमची शाळा जिंकली का हरली हे मला आजतागायत माहीत नाही. कोणी सांगायला लागलं तर मी उठून जातो.

कॉलेजचं आभाळ त्याच दिवशी मिटलं. शाळेनं नाव काढलं, कारण लिहिलं बेशिस्त. ठेकेदारानं पाचही बायांना दुसऱ्या दिवशी हाकललं. त्यातल्या दोघींनी पुढे कितीतरी वर्षं माझ्याशी नीट बोलणं टाकलं होतं. त्यांच्या चुली मी विझवल्या होत्या, त्यांचंही चुकलं नाही. मी दोन वर्षं मुरमाच्या ओळीत उभा राहिलो आणि बाहेरून मॅट्रिकला बसलो. मग तांड्यावरच्या शाळेत मास्तर झालो. पोरं हायस्कुलात जायला निघाली की मी त्यांना एकच गोष्ट सांगतो. कोणी विचारायच्या आत सांगून टाका, मी तांड्यातला आहे. उपाशी राहायची पाळी आली तर राहा, पण कुणाच्या पाटावर पाटलाचे होऊन बसू नका.

याडी पुन्हा माझ्याशी आमच्या बोलीत बोलायला लागली. पण मी काही चुकलो की ओढणी तोंडावर घ्यायची आणि म्हणायची, "बरं साहेब." मरेपर्यंत म्हणायची. मी कधी माफी मागितली नाही. असल्या गोष्टीला माफी मागणं म्हणजे पुन्हा तिच्याचकडून काहीतरी घेणं.

आणि अजूनही ते येतात. दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी येतं, कधी तहसीलचा बाबू, कधी संस्थेचा सेक्रेटरी. हसून म्हणतात, "गुरुजी, मोठे साहेब येऊन राह्यले. तांड्याच्या बायांचा एक नाच बसवा ना. आरशांचे घागरे, झकास दिसते." मी त्यांना खुर्ची देतो. पाणी देतो. मग विचारतो, तुमच्या घरात ह्या वर्षी कोण गेलं? ते गोंधळतात. मी म्हणतो, मला आमच्या पन्नास घरांचं सांगता येतं, कोणत्या घरात कोण गेलं आणि कोणती बाई ह्या होळीपर्यंत नाचणार नाही. तुम्हाला एकीचंही नाव ठाऊक नाही. तुम्ही परत जा.

ते जातात. माझी बदली करायची धमकी देतात, दोनदा केलीही. करा. जिथे पाठवाल तिथे तांडा आहे, आणि तिथेही मी हेच करणार. आम्ही होळीला नाचू, आमच्या अंगणात, आमच्या नगाऱ्यावर. बघायचं असेल त्यानं यावं, जमिनीवर बसावं आणि आधी विचारावं, ह्या घरात सगळे आहेत ना. माझ्या तांड्यातली एकही बाई पुन्हा कुणाच्या हाफटाइमला नाचणार नाही.